अबोलीचा मुजरा

एका जंगलात वीज होती. कुठून आली ते विचारू नका, मुलांनो. गोष्टीत वाघ बोलतो तेव्हा तुम्ही गप्प ऐकता, मग विजेनंच तुमचं काय घोडं मारलंय?

तर या जंगलाचे महाराज सिंह एकदा शहराकडे चक्कर मारून आले. येताना काचेची एक मोठी टाकी घेऊन आले. टाकीत रंगीत मासे, तळाला गोटे आणि कोपऱ्यात पाण्याचा छोटा पंप. पंप पाणी आत ओढायचा, स्पंजातून गाळायचा आणि वरून बुडबुड्यांसकट परत सोडायचा. त्याच्यावरच माशांचा श्वास चालायचा.

टाकी सांभाळायला केरू अस्वलाला नेमलं. केरूला मासे फार आवडत. आधी खायला आवडत. पण रोज सकाळी त्यांना खाऊ घालता घालता त्याचा जीव त्यांच्यात गुंतला. त्यातही अबोली नावाच्या केशरी मासोळीत जास्तच. तिला तो घरचं सगळं सांगायचा. ती मध्येच सल्ला देत नसे, हे त्याला विशेष आवडायचं.

महाराज रोज दुपारी टाकीशी यायचे. मासे बघायला येतात, असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे ते काचेत स्वतःला बघायचे. टाकीवर वाकून आयाळ झटकायचे, डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे आणि खूश होऊन जायचे.

एके दिवशी पंप बिघडला. घूं घूं आवाज येत होता, पण बुडबुडा एकही नव्हता. हळूहळू मासे वर आले आणि पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करू लागले.

तेवढ्यात महाराज आले. "हे काय चाललंय?"

केरू सांगणार, तोच प्रधान कोल्हा पुढे झाला. "मुजरा करतायत, महाराज. इतके दिवस बुजत होते बिचारे."

महाराजांना मुजरे काही नवे नव्हते. पण मुजरा करणाऱ्याला नेहमी पळून जायची घाई असायची. हे मासे हलतच नव्हते. महाराजांना भरून आलं.

ते गेल्यावर केरूने धावत जाऊन वायर बघितली. ठीक होती. आवाज येतोय म्हणजे वीजही पोचतेय. मग आत काहीतरी अडकलंय. त्याने वायर काढली, पंप उघडला. आतल्या छोट्या चाकाला एक लांब, सोनेरी केस घट्ट गुंडाळलेला होता. असा केस जंगलात एकाच डोक्यावर होता.

"काय सापडलं, केरूनाना?" मागून कोल्ह्याने विचारलं.

"केस."

"कुणाचा?"

केरूने तोंड उघडलं. मग मिटलं. "माझाच असेल."

"तुम्ही तर काळे आहात."

"वय झालं, प्रधानजी. पिकला असेल."

कोल्हा हसला आणि गेला. केरूने चाक धुतलं, पंप लावला. बुडबुडे सुटले. मासे खाली गेले आणि अबोली गोट्यांभोवती फेऱ्या मारू लागली. केरूला इतकं बरं वाटलं की महाराजांचा मुजरा तो पार विसरला.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. मासे तळाशी, त्यांच्याकडे शेपट्या करून.

"मुजरा का नाही?" महाराजांनी विचारलं.

"कुणीतरी फितवलेलं दिसतंय," कोल्हा म्हणाला.

"उद्या मुजरा झाला नाही, तर हे मासे माझ्या ताटात वाढा."

आता खरं सांगावं, तर केसाची गोष्ट निघणार. केस निघाला की केरूचं डोकं जाणार. गप्प बसावं, तर अबोली जाणार. केरूने रात्र तळमळत काढली आणि दुसऱ्या दिवशी महाराज यायच्या जरा आधी पंपाचं बटण बंद केलं.

मासे वर आले. महाराज प्रसन्न झाले. इतके प्रसन्न झाले की खालीच बसले.

"माझं आसन इथं आणा. आजपासून दरबार इथंच."

आसन आलं. दरबार आला. अबोली एका कुशीवर कलंडू लागली. केरूला राहवेना.

"महाराज, आता उठावं," तो म्हणाला. दरबार गार पडला. "आपलं तेज त्यांना फार वेळ सोसत नाही. ही बघा, भोवळ आली हिला."

महाराजांनी निरखून पाहिलं. त्यांना बघून भीतीने पुष्कळ जण पडले होते. तेजाने आजवर कुणी पडलं नव्हतं. ते हळूच उठले आणि पावलं न वाजवता लांब गेले. केरूने बटण दाबलं. थोड्या वेळाने अबोली सरळ झाली.

महाराज दरबाराकडे वळले. "शिका जरा. मुजरा असा असतो. तोंड उघडायचं, मिटायचं, आवाज काढायचा नाही."

तेव्हापासून तिथे तसाच रिवाज पडला. बीळ बुजल्याची तक्रार घेऊन ससा आला. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तो परत गेला. कामकाज भराभर उरकू लागलं. केरूला 'मत्स्यभूषण' किताब मिळाला आणि तो पहिल्या रांगेत उभा राहून तोंड उघडमीट करू लागला. दुपारचं बटणही तो न चुकता सांभाळायचा.

एका संध्याकाळी तो नेहमीसारखा टाकीशी बसला. मनात खूप साठलं होतं. अबोलीला सांगायला त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द काही आला नाही.

अबोली काचेपाशी येऊन त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, याचाही पंप कुणीतरी उघडून बघायला हवा.

तात्पर्य : पंप बंद पडला तर आधी वायर बघावी, मग बटण, मग चाक. चाकात केस सापडला तर तो कुणाचा, हे शोधत बसू नये. तो आपलाच असतो.