एका स्वराचा घोळ

"'नको' म्हणायला अक्कल लागते!" फाउस्तीनो सर स्पॅनिशच्या वर्गात छाती फुगवून सांगत. "क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर 'ए' लावा, 'इर' असेल तर 'आ'. 'पारार' म्हणजे थांबणं, म्हणून 'नो पारेस', थांबू नकोस! 'पारीर' म्हणजे बाळंत होणं, म्हणून 'नो पारास', बाळंत होऊ नकोस! झोपेतसुद्धा माझं चुकायचं नाही!" याच धड्यात त्यांनी विल्मेरला नापास केलं होतं.

आज तोच विल्मेर रिक्षा हाकत होता, मागे सरांची बायको दोमितिला कळांनी विव्हळत होती आणि पिऊरा शहरातलं इस्पितळ अजून लांब होतं. पहिलंच मूल, तेही केस पिकल्यावर! तिच्या शेजारी बसलेल्या सरांचा जीव टांगणीला लागला होता. कधी पुढे वाकत, कधी बायकोकडे वळत, कधी नुसतीच टोपी काढून परत घालत.

"जरा एका जागी बस ना!" दोमितिला कण्हली. "कळा मला येताहेत की तुला?"

इतक्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. विल्मेरनं वेग कमी केला, तसा सरांचा तोल गेला. त्याच्या पाठीत गुद्दा घालून ते ओरडले, "नो पारास!"

विल्मेरनं करकचून ब्रेक दाबला. "बाळंत होऊ नको? सर, मी कशाला होतोय!"

"दात काय काढतोस, गाढवा! चल!"

पण चलणार कुठून? चहूकडे शेळ्याच शेळ्या! तेवढ्यात दोमितिला किंचाळली. सर गर्रकन वळले, तिचे हात धरले आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "नो पारेस, माझे राणी! नो पारेस!"

मग काय, दोमितिला थांबलीच नाही.

शेळ्यांची म्हातारी मालकीण धावत आली. तिनं सरांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. "तू शेळ्या सांभाळ. इथलं मी बघते!" सर शेळ्यांमध्ये येरझारा घालत राहिले. अखेर रिक्षातून ट्यँहँ ऐकू आलं आणि ते तिथेच ढसाढसा रडले. मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या.

"अगं, इस्पितळापर्यंत दम धरायचास ना!" सर डोळे पुसत म्हणाले.

"तूच म्हणालास ना, थांबू नकोस? लग्नानंतर पहिल्यांदा तुझं ऐकलं, तर तेही चुकलं?"

सर वरमले. त्यांनी मुलीला हातात घेतलं. तिनं भोकाड पसरलं. 'रडू नकोस' म्हणायला सरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग हळूच पुढे वाकून त्यांनी विचारलं,

"विल्मेर, 'योरार'ला काय लागतं रे? 'ए' की 'आ'?"