व्हिस्की, कैरी आणि अध्यक्ष

हिंमतराव मास्तरांनी तिसऱ्या पेल्यातला घोट घेतला आणि डोळे मिटले. जमलं! चिंचेच्या कोळातली व्हिस्की नासक्या आमटीसारखी लागली होती, ताकातली तर हुंगूनच फेकावी लागली. पण कैरीच्या पन्ह्यात ती अशी मिसळली, की जणू तिचं माहेरच उंद्रीत!

मास्तर काही पिणारे नव्हते. उलट उंद्री गावच्या दारूबंदी समितीचे ते चिटणीस होते. पण फौजेतले त्यांचे साडू शेषराव सुट्टीहून परत जाताना अर्धी बाटली आणि एक कागद ठेवून गेले होते. कागदावर साहेबलोकांच्या मेसमधली कृती होती: व्हिस्की, लिंबाचा रस, साखर, बर्फ आणि अंड्यातलं पांढरं. उंद्रीत बर्फ कुठला? ऐन चैत्रात लिंबंही मिळेनात. आणि माळकरी घरात अंडं आणण्यापेक्षा मास्तरांनी नोकरी सोडली असती. म्हणून हे प्रयोग. कौशल्याबाई चिखलीच्या बाजाराला गेल्या होत्या, तेवढ्यात उरकायचं होतं.

यशानं मास्तरांना चेव आला. उरलेली सगळी बाटली त्यांनी पन्ह्याच्या घागरीत रिकामी केली, वर वेलची टाकली आणि बाटली पुरायला परसात गेले. खड्डा बुजवून आत येतात तो काय, कौशल्याबाई लवकर परतलेल्या! ओसरीवर दारूबंदी समितीचे अध्यक्ष महादेवराव बसलेले आणि त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला.

मास्तरांच्या हातातली कुदळ तिथंच गळाली.

"अहो, उन्हाचे आले ते, मनून घागरीतलं पन्हं देल्लं," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमीच करून ठेवलं ना?"

"हो... म्हणजे... नको! ते नासलंय!"

"नासलं?" महादेवरावांनी पेला रिकामा करून पुढे धरला. "वहिनी, अजून द्या बरं. मास्तर, असं पन्हं मी जन्मात नाई पेलो!"

दुसरा पेला झाला. तिसरा झाला. मास्तरांना दरदरून घाम फुटला. आता वास येईल, आता बोभाटा होईल, उद्या शाळेत चौकशी लागेल. महादेवरावांचे कान लाल झाले, टोपी तिरपी झाली. ते उठले आणि मास्तरांच्या खांद्यावर जोरात थाप मारून म्हणाले, "ठरलं! सोमवारी आपल्या दारूबंदी सप्ताहात साऱ्या गावाले हेच पन्हं! तुमच्या हातचं!"



सोमवारी शाळेच्या पटांगणात चार हंडे पन्हं आलं. मास्तरांनी पहाटे उठून ते स्वतः केलं होतं, निव्वळ कैरी, गूळ आणि वेलचीचं. महादेवरावांनी गावभर इतकी तारीफ केली होती, की बायाबापड्यांची रीघ लागली. पहिला पेला अर्थातच अध्यक्षांना.

त्यांनी घोट घेतला. चेहरा पडला. दुसरा घोट घेऊन त्यांनी पेल्यात निरखून पाहिलं, मग मास्तरांना दंडाला धरून मंडपामागं नेलं.

"मास्तर, हे काय करून राह्यले तुमी?"

"का हो? काय झालं?"

महादेवरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशीचं माप अगदी बरोबर होतं. आज तुमी त्यातली मेन वस्तूच इसरले ना!"

मास्तरांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. महादेवरावांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि माइकसमोर जाऊन दारूच्या दुष्परिणामांवर पाऊण तास घणाघाती भाषण केलं.