फाटकावरचे सखारामजी

सखारामजी जमादार बाहेर निघाले की फाटकाशी थांबत आणि स्वतःलाच दरडावत, "कोण? कुठे? परत किती वाजता?" मग आवाज नरम करून स्वतःच जबाब देत. जबाब पटला तरच पुढे जात. एकदा "जिलबी खायला" असा जबाब आला, तेव्हा "वैद्यांनी मना केलंय, चला वापस" असं सुनावून ते खरोखर मागे फिरले, आणि दिवसभर स्वतःवर रुसून बसले.

मल्हारगंजात निराधार म्हाताऱ्यांसाठी एक मंडळ घर चालवत असे, तिथे मी व्यवस्थापक होतो. होळकरांचं संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं आणि संस्थानचे काही जुने नोकर आमच्याकडे आले, त्यांतले हे एक. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कोठीच्या फाटकावर पहारा केला होता. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. सवय मात्र गेली नव्हती. आमच्या अध्यक्षांनाही त्यांनी एकदा "काम काय?" म्हणून उन्हात उभं केलं होतं, आणि त्याचा राग अध्यक्षांनी बरेच दिवस जपून ठेवला.

तो राग काढायची संधी आली. मोतीबिंदूमुळे सखारामजींना समोरचा हातठेला दिसला नाही आणि ते गल्लीत पडले. गुडघा फुटला. अध्यक्ष म्हणाले, "उद्यापासून फाटकाला कुलूप. काही झालं तर जबाबदार कोण?"

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. कुलूप लावलं की काळजी संपते. माझी, त्यांची नव्हे. मी निरोप घेऊन गेलो. सखारामजी गुडघ्याला हळद लावत बसले होते.

"कुलूप मालाला लावतात, मॅनेजरसाहेब," ते म्हणाले, "आदमीला विचारतात."

"पण पुन्हा पडलात तर?"

"तर पडेन. खोलीतही पडता येतं, भैया."

शेवटी मी अध्यक्षांच्या हातापाया पडून तोड काढली. सखारामजींनी रोज एकदाच जायचं, ठेले कमी असतात त्या दुपारच्या वेळी. फाटकावर मी विचारायचं, त्यांनी जागा आणि वेळ सांगायची. एकदा जरी उशीर झाला तर कुलूप.

दुसऱ्या दिवशी ते पागोटं बांधून हजर झाले. मी विचारलं, "कुठे? परत किती वाजता?"

त्यांनी पागोटं सारखं केलं. मग ताठ होऊन म्हणाले, "घड्याळवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत. चार वाजता."

चारच्या ठोक्याला ते फाटकात होते. रोजच असत. मला त्यांच्या शिस्तीचं मोठं कौतुक वाटे, म्हणून एकदा मी मागोमाग गेलो. कोपरा पाच मिनिटांवर. तिथे घड्याळ दुरुस्तीच्या दुकानासमोर ते नुसते उभे होते, आणि दुकानदाराला घटकेघटकेला विचारत होते, "चार वाजायला किती?" त्यांना कुठेच जायचं नसे. मी आल्या पावली परत फिरलो आणि कोणाला काही बोललो नाही.

मग एकदा मंडळाच्या कामात मला उशीर झाला. परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सखारामजी फाटकालगतच्या बाकावर बसलेले, पागोटं बांधलेलं, पायात जोडे.

"काय हो, बरं नाही का? आज गेला नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही."

"पूर्वी तर स्वतःच विचारून जात होता की."

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तीस बरस मी दुनियेला विचारलं, किती वाजता येणार? मला विचारणारं घरी कोणी नव्हतं. म्हणून आपलं आपणच विचारायचो. आता तुम्ही विचारता ना, साहेब. खराब आदत लागली."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांच्यावर पहारा करतोय असं समजत होतो. त्यांच्या लेखी मी वाट बघणारा घरचा माणूस होतो.

उजेड अजून होता. मी फाटक उघडलं आणि विचारलं, "कुठे निघालात, सखारामजी?"

ते उठले. "कोपऱ्यापर्यंत. साडेपाचला परत."

"उशीर करू नका," मी म्हणालो, आणि ते परत येईपर्यंत फाटकातच उभा राहिलो.