बोर्डाला पसंत पडलेले नाईक

आमच्या चाळीत फरशी पुसायच्या फडक्यालाही इस्त्री व्हायची, आणि ती शेवंतावहिनी करत. कोळशाची जड इस्त्री, तांदळाच्या पेजेची खळ आणि तोंडानं चालू असलेलं "शिस्तीत पायजे, शिस्तीत." एकदा माझा लेंगा दोरीवर चुरगळलेला दिसला, तर न विचारता काढून नेला आणि असा कडक करून परत दिला, की तो घालून खाली बसायची मला भीती वाटू लागली.

चिंचवडच्या त्या चाळीत आम्ही बहुतेक कंपनीवाले. वहिनी मूळच्या मोशीच्या. सडेफटिंग कामगारांना दुपारचे डबे करून देत, आणि डब्यावर बांधायचा रुमालही इस्त्रीचा. नवऱ्याला त्या "आमचे नाईक" म्हणत. नाईक हा त्यांचा लष्करातला हुद्दा. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा मानेत शिरला आणि मानेखालचं सगळं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. खाटेवर पडून ते डोळ्यांनीच बोलत, आणि वहिनी त्या डोळ्यांशी दिवसभर भांडत. "असं बघू नगा. मीठ कमी पडलंय, मला कळतंय."

नाईकांनी विमा उतरवला होता. मी वहिनींबरोबर चौकशीला गेलो, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, पैसे मृत्यूनंतर मिळतात, तुमचे यजमान तर हयात आहेत. वर अभिनंदनही केलं. हात हलत नाही, पाय हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, पण माणूस मेला नाही, एवढ्या एका अडचणीवर विमा अडला.

पेन्शन चालू होतं, त्यात दोघांचं जेमतेम भागे. अशा जवानाजवळ मदतीला माणूस ठेवायचा तर वेगळा भत्ता मिळतो. मात्र माणसाची गरज आहे, असं डॉक्टरांच्या बोर्डानं म्हणावं लागतं. बोर्ड दरवर्षी पुण्याला बोलवी आणि दरवर्षी नाही म्हणे. मी युनियनचा माणूस, भांडण हाच माझा ओव्हरटाइम. पण इथे अर्धं भांडण वहिनींशीच होतं. बोर्डापुढे त्या नाईकांना नवरदेव करून नेत. गुळगुळीत दाढी, चापून भांग, खळीचा गणवेश, छातीवर पदक, आणि कधीच जमिनीला लागणार नव्हते त्या पायांत पॉलिश केलेले बूट.

"वहिनी, या खेपेला दाढी करू नका," मी म्हणालो. "मळकी बनियन घाला. साहेबाला दशा दिसू द्या."

"भावजी, सायबापुढं भिकाऱ्यावानी न्यू व्हय त्यास्नी? पलटणीचं नाव जाईल."

"पलटणीचं पलटण बघेल. तुम्हाला भत्ता हवा की नको?"

वहिनी एरवी दोन शब्द जास्तच बोलायच्या. त्या दिवशी खाली बघून म्हणाल्या, "पायजे. लई गरज हाय." आणि कबूल झाल्या. नाईकांच्या गालांवर खुंट उगवू लागले, आणि मी येता-जाता डोकावून त्यावर खूश होऊ लागलो.

बोर्डाच्या दिवशी चाकणच्या बाजारात कांदा पोचवणारा एक टेम्पो ठरवला. नाईकांना उचलायला खोलीत गेलो, तर पुन्हा नवरदेव तयार. टेम्पोतली कांद्याची सालपटं झाडून वहिनींनी इस्त्रीची चादरसुद्धा अंथरली होती. माझं डोकंच फिरलं.

"दाढी वाढल्यापासनं ते माझ्याकडं बघत न्हाईत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "मान तेवढी हालती त्यांची, ती भितीकडं करून पडत्यात. आता भत्त्यापायी हे बी घालवू का?"

मी नाईकांना उचलून त्या चादरीवर निजवलं. निघालो.

बोर्डाच्या साहेबांनी नाईकांना कुशीवर वळवून पाठ पाहिली. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक चट्टा नाही. साहेब प्रसन्न झाले. "उत्तम निगा आहे. बायको समर्थ आहे. वेगळा माणूस कशाला?"

मी तिथेच तोंड सोडलं. म्हटलं, पाठ सडली असती तर भत्ता मिळाला असता ना? मग बाईंना आधीच सांगायचं, दिवसातून चार वेळा कूस बदलू नका, कुजू द्या. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. ते वाक्य आजही मी मागे घेणार नाही. देशासाठी मान मोडून घेतलेल्या माणसाला जखमा दाखवून पोट भरायला लावणाऱ्यांची मला अजून चीड येते.

संध्याकाळी मी ओट्यावर बसून धुमसत होतो. वहिनी बाहेर आल्या.

"कामाला माणूस नको हुता मला," त्या म्हणाल्या. "कामाला मी खमकी हाय. पर रातच्याला मला काय झालं, तर ते काय करतील? हाक मारता येत न्हाई. सकाळपतोर नुसतं माझ्याकडं बघत ऱ्हातील."

त्या दिवसापासून वहिनींनी दाराला आतून कडी लावणं सोडलं. पहिली शिफ्ट असली की पहाटे निघताना मी ते दार हळूच ढकलायचो. नाईक जागेच असायचे. ते आधी खाली झोपलेल्या वहिनींकडे बघत, मग माझ्याकडे बघून डोळे मिटत, आणि मी दार लोटून घ्यायचो.