पाट्याला टाकी

"झुलाल, त्या पाट्याचं तेवढं बघ. अगदी अवकळा आलीय त्याला. उद्या मुंबईचे पाहुणे येणार, आपली शोभा व्हायला नको," असं सांगून नानासाहेब देवरे जेवायला घरी गेले, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

झुलाल हा धुळ्याच्या प्राचीन वस्तू मंडळाचा शिपाई. शिवाय पहारेकरी, झाडूवाला, पाणक्या आणि चहावाला. एवढी पदं एकट्याकडे असूनही गेली अकरा वर्षं तो टेम्परवारीच होता. मंडळाचे चिटणीस नानासाहेब दर दिवाळीला "यंदा तुझं काम करून टाकू" म्हणत आणि फराळ पचला की विसरून जात. पण या वेळी, म्हणजे एकोणसत्तर साली, त्यांनी चक्क गळ्याला हात लावून सांगितलं होतं, की हे प्रदर्शन निर्विघ्न पार पडलं तर झुलाल पर्मनंट. विघ्न आलं तर झुलालने दुसरीकडे काम बघावं. त्यामुळे गेले आठ दिवस बिचारा झोपेतही काचा पुसत होता.

प्रदर्शनाचं नाव होतं 'शिळा : कालची आणि आजची'. कल्पना अशी, की एक प्राचीन वस्तू मांडायची आणि तिच्या शेजारी आजच्या कलावंताने तिला दिलेलं उत्तर. प्राचीन वस्तूंनी काही विचारलं नव्हतं, पण ते असो. आजचा कलावंत म्हणजे जळगावच्या डाळमिलवाल्या हस्तीमल शेठजींचा मुलगा प्रकाशचंद. मुंबईला कला शिकायला गेल्यावर त्याने नावातला 'चंद' काढून टाकला आणि दाढी वाढवली. मिलकडे काही तो फिरकायचा नाही, तर निदान कुठेतरी त्याचा सत्कार तरी होऊ दे, या हेतूने शेठजींनी मांडवापासून पेढ्यांपर्यंत सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

मंडळाचा मानाचा दगड म्हणजे तापीकाठच्या उत्खननात सापडलेला तीन हजार वर्षांपूर्वीचा पाटा. वापरून वापरून तो मधोमध खोलगट झालेला, बोट ठेवलं तर घसरावं इतका गुळगुळीत. शेजारी प्रकाशचं शिल्प, 'भूक क्रमांक चार'. तेही काळ्या दगडाचं, त्याच मापाचं, मधोमध खोलगट आणि सहा महिने घासून गुळगुळीत केलेलं. पहिला दगड बायकांनी वापरून झिजवला होता, म्हणून तो इतिहास. दुसरा न वापरता झिजवला होता, म्हणून ती कला. भूक क्रमांक एक ते तीन कुठे गेल्या, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

तर झुलालने पाट्याचं बघायला घेतलं. ओल्या फडक्याने पुसला, वरून हात फिरवला आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. यावर चटणी काय, भिजलेली डाळही वाटली जाणार नाही! अवकळा म्हणतात ती हीच. त्याच्या घरी पाटा असा झाला असता तर बायकोने, तानुबाईने, त्याला जेवायला वाढलं नसतं. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "टाकी लावा वं माय, पाटा-वरवंट्याले टाकीऽऽ!"

झिजलेल्या पाट्यांना छिन्नीने टाकी लावत गावोगाव फिरणारी शेवंताबाई दारातच होती. देवच पावला म्हणायचं! झुलालने तिला आत बोलावलं. तिने पाट्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "कोना शे रे भाऊ हाऊ पाटा?"

"मंडळना शे."

"कितला वरीस व्हयनात याले टाकी लावीसन?"

"तीन हजार."

"तरीच," शेवंताबाई म्हणाली आणि छिन्नी-हातोडी काढून बसली.

तिने काम मात्र चोख केलं. तिरप्या ओळींत बारीक बारीक घाव घातले, हात लावला तर खरखरीत लागावेत असे. झुलाल घरून मजुरीची पायली बाजरी घेऊन येईपर्यंत तिने वरच्या कोपऱ्यात एक सूर्यही कोरायला घेतला होता. पण शिरपूरची मोटार गाठायची होती, म्हणून तो अर्ध्यावर सोडून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नानासाहेब दालनात शिरले आणि पाट्यासमोर मटकन खालीच बसले.

"झुलाल! अरे, हे काय केलंस?"

"टाकी लावी दिन्ही साहेब. तुम्हीच सांगेल व्हतं ना, पाटानं पाहाय म्हणून."

"अरे मूर्खा, तीन हजार वर्षांची झीज होती ती! तीच तर दाखवायची होती!"

"साहेब," झुलाल काकुळतीला येऊन म्हणाला, "तीन हजार वरीस कोनी टाकीच नही लावी, म्हनीसन तर इतला झिजेल व्हता!"

नानासाहेबांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दहाला मुंबईचे कलासमीक्षक येणार होते. ताजे घाव बघून त्यांनी पहिला प्रश्न मंडळाच्या चिटणिसालाच विचारला असता. नानासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ज्या हाताने तीस वर्षं इतिहास शिकवला होता त्याच हाताने दोन दगडांपुढच्या नावांच्या पाट्या उचलून अदलाबदल केल्या. आता प्रकाशचा दगड ताम्रपाषाण युगातला झाला आणि ताम्रपाषाण युगातला दगड 'भूक क्रमांक चार'.

"तोंडातून ब्र काढलास, तर पर्मनंट विसर," ते झुलालला म्हणाले. झुलालने दोन्ही ओठ दातांखाली धरले.

बरोबर दहाला समीक्षकसाहेब आले, मागे प्रकाश आणि हस्तीमल शेठजी. साहेब थेट मधल्या मेजापाशी गेले, पाटी वाचली आणि प्रकाशच्या दगडावरून हात फिरवत डोळे मिटले.

"अहाहा! हा स्पर्श! पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांशिवाय हे होत नाही. आजच्या एखाद्या कलावंताने सात जन्म घासलं, तरी त्याला हे जमणार नाही."

सहा महिन्यांत जमवणारा कलावंत शेजारीच उभा होता. त्याने पाटी वाचली, लालबुंद झाला आणि बोलायला तोंड उघडलं. गेली आपली अकरा वर्षं, असंच झुलालला वाटलं.

पण तोवर साहेब दुसऱ्या दगडाकडे वळले होते.

"आणि हे तुमचं! कमाल आहे! हे हजारो घाव, ही आजच्या माणसाची तगमग! आणि कोपऱ्यातला हा अर्धा सूर्य! तो पुरा करायचा मोह कसा टाळलात हो?"

प्रकाशचं तोंड उघडंच होतं. ते त्याने सावकाश मिटलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "पुरा केला असता, तर सगळंच सांगून टाकल्यासारखं झालं असतं."

"वा! हे दिल्लीच्या प्रदर्शनाला जाणार. मी आजच तार करतो."

हस्तीमल शेठजींनी पुढे होऊन दगडावर हात घासून बघितला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बेटा, पहिल्यांदा तू कामाचं काही केलंस. याच्यावर चटणी मस्त होईल."

पाहुणे पेढे खायला मांडवात गेले. दालनात राहिले तिघं. नानासाहेबांनी प्रकाशकडे पाहिलं, प्रकाशने नानासाहेबांकडे. खरं बोललं तर एकाची चिटणिशी जाणार, दुसऱ्याची दिल्ली. दोघांनी एकमेकांना न बोलता समजून घेतलं. मग दोघांनी मिळून, कपबशा गोळा करणाऱ्या झुलालकडे पाहिलं.

"झुलालभाऊ," नानासाहेब म्हणाले, "बस की जरा. दमला असशील."

अकरा वर्षांत झुलालला कोणी 'भाऊ' म्हटलं नव्हतं आणि बस तर मुळीच म्हटलं नव्हतं. तो घाबरून उभाच राहिला. पण त्याच आठवड्यात मंडळाची तातडीची सभा भरली आणि 'प्राचीन वस्तूंच्या जतनाचं विशेष ज्ञान' या कारणास्तव त्याला एकमताने कायम करण्यात आलं. ऑर्डर हातात पडली तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला. तानुबाईने ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं.

तीन हजार वर्षांपूर्वीचा पाटा दिल्लीला रवाना झाला. धुळ्यात शाळेची मुलं रांगेने येऊन प्रकाशचा दगड ताम्रपाषाण म्हणून वहीत उतरवू लागली. सगळं सुरळीत चाललं होतं. महिन्याभराने दिल्लीचं पत्र आलं. भूक क्रमांक चार फार गाजली होती, आता त्याच हातच्या पाच, सहा आणि सात हव्या होत्या. पत्रामागोमाग प्रकाश स्वतःच आला आणि अर्धा तास नानासाहेबांच्या कानाशी लागला.

नानासाहेबांनी दार लोटून घेतलं आणि झुलालला आत बोलावलं.

"झुलालभाऊ, मागच्या खोलीत उत्खननातले आणखी तीन पाटे आहेत ना? ते जरा... म्हणजे त्यांचंही तेवढं बघ. ती बाई कुठे असते, बोलावून घे."

झुलाल समोरच्या खुर्चीवर बसला. बसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"बलावस ना साहेब, कसाले नही?" तो म्हणाला. "फक्त तेवढं लेखी देई द्या."