केवळरामच्या पेटीस मान्यता

गावाची प्रगती रस्त्यांवरून किंवा नळांवरून मोजू नये, आवाजावरून मोजावी. या मापाने गोंडपिपरीकडचे मोहाटोला चांगलेच पुढारलेले होते. तिथे वाघ आल्याची सूचना देणारा भोंगा होता. दोन वर्षांत तो दोनशे चौदा वेळा वाजला: गाईंसाठी एकशे एकसष्ट, मोटारसायकलींसाठी एक्केचाळीस, आणि बारा वेळा कारण समजले नाही. वाघ स्वतः चार वेळा आला, तेव्हा भोंगा गप्प राहिला. (वन्यप्राण्यांना त्रास होऊ नये, ही खबरदारी.) तो वाजला की लोक मान वर करून "कोनाची गाय हाये?" एवढेच विचारत.

याच गावात केवळराम टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करी. चाळीस वर्षांपूर्वी सुखवस्तू घरांत टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर असत. तसा एक मेलेला कॉम्प्युटर त्याला बल्लारपूरच्या भंगारात सापडला. त्यातली आवाज काढणारी चिप मात्र जिवंत होती. केवळरामने तिच्याभोवती सिंथेसायझर बांधला. पट्ट्या भजनी मंडळाच्या फुटक्या हार्मोनियमच्या, सूर कमीजास्त करायला पंख्याचे रेग्युलेटर आणि वरची पेटी जुन्या पलंगाच्या सागवानाची. (पलंग खरोखर जुना होता, याची वनरक्षकांनी दोनदा येऊन खात्री केली.) चिपला एका वेळी तीनच सूर जमत. चौथा मागितला की ती पहिला सोडून देई. केवळरामला हा तिचा प्रामाणिकपणा वाटे.

त्याची इच्छा एकच होती. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावात नाटक होते, ऑर्गनवाला वडशाहून येतो. यंदा दोन प्रवेशांच्या मध्ये दहा मिनिटे आपली पेटी वाजावी आणि गावाने बसून ऐकावी. चाल त्याने स्वतः बांधली होती, बायकोसाठी, म्हणजे कुंतासाठी. ती लग्नानंतर एकोणीस वर्षांनी सुचली, हा उशीर त्याला मान्य होता.

"चाल चांगली हाये," कुंता म्हणाली. "पन तुमी वाजवता तवा शेळ्या दूध देत नाई. तेवढं पाहा."

नाटक समितीने भर दुपारी चावडीसमोर चाचणी घेतली. (नाटक समिती आणि वन्यप्राणी दक्षता समिती यांचे सदस्य तेच आहेत. गावात माणसे कमी, समित्या जास्त.) केवळरामने डोळे मिटून वाजवले. उघडले तेव्हा चार मिनिटे झाली होती आणि समोर सरपंच गुणाबाई एकट्याच उरल्या होत्या, त्याही गुडघा दुखतो म्हणून. शेतातली माणसे घरात, कोंबड्या खुराड्यात, सगळ्या दारांना कड्या. शेताच्या धुऱ्यावरची रानडुकरेही निघून गेली होती.

"काऊन पळाले सगळे?" केवळरामने विचारले.

"मले का मालूम," गुणाबाई म्हणाल्या. "पन भोंग्याले दोन वर्षांत जमलं नाई, ते तू चार मिनिटांत केलं. तुले आता नाटकात वाया जाऊ देनार नाई."

"बाई, मले फक्त दहा मिनिटं द्या. लोक बसून आयकतील अशी."

"दहा काऊन? रोज अर्धा घंटा वाजव."

ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. सदर पेटीस संगीत न मानता सुरक्षा साधन मानावे. वाघाची वेळ ठरलेली नसल्याने समितीची वेळ ग्राह्य धरून ती रोज सायंकाळी पाच ते साडेपाच वाजवावी, त्या वेळी कोणीही बाहेर थांबू नये. जुना भोंगा मोकळा झाल्याने तो नाटकास द्यावा.

भोंगा मंडईच्या नाटकात खलनायकाच्या प्रवेशाला वाजला आणि त्याला वन्समोअर मिळाला. केवळरामने तिसऱ्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. त्याला वाईट वाटले, फार वाईट वाटले, पण ठराव एकमताचा होता आणि त्यात त्याचाही अंगठा होता.

पुढे रोज पाच वाजता तो रिकाम्या चावडीसमोर कुंतासाठी बांधलेली चाल वाजवू लागला. कुंता त्याला कानटोपी देऊन घरात जाई आणि नियमाप्रमाणे दार लावून घेई. आत टीव्ही चालू असे. तो केवळरामनेच दुरुस्त केला होता.

फेब्रुवारीत वाघ आला. केवळराम वाजवत राहिला, कारण साडेपाचपर्यंत वाजवणे बंधनकारक होते. वाघ बांधावर बसला, पुढच्या पंजांवर हनुवटी टेकली आणि त्याने पूर्ण चाल ऐकली. संपल्यावर उठून शांतपणे गेला. केवळरामचे डोळे भरून आले. भीतीने की आनंदाने, असा रकाना दक्षता समितीच्या अहवालात नव्हता.

जंगल पाहून परतणाऱ्या पाहुण्यांची एक जिप्सी तेव्हा रस्त्यावर उभी होती. त्यांनी काढलेला व्हिडिओ चाळीस लाख लोकांनी पाहिला. त्यात वाघ आहे, पेटी आहे, कानटोपी घातलेला केवळराम आहे. तुम्हालाही तो आला होता. तुम्ही हसलात आणि तीन ग्रुपवर पाठवलात. केवळराम अजून भेटेल त्याला विचारतो, "चाल कशी वाटली?" तुम्हाला भेटला तर काय सांगाल? फोनचा आवाज तर तुम्ही बंद ठेवला होता.