सुइणीच्या घोड्याचं बारसं

मुलांनो, एका जंगलात, म्हणजे अगदी आत नव्हे, कडेकडेला, एक छोटंसं राज्य होतं. किती छोटं? राजवाड्यात फोडणी पडली की शेजारच्या राज्यातली माणसं खोकत.

त्या राज्यात चिंचखेड नावाचं गाव होतं आणि त्या गावात गुरुनाथपंत नावाचा एक लेखक राहत असे. तो लेखक मीच. गोष्टीत स्वतःला घालू नये म्हणतात. पण या गोष्टीला एक गाढव लागतं, आणि दुसरं कुणी तयार होईना.

मी बरीच पुस्तकं लिहिली होती. त्यांतलं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवलं गेलं होतं. ते वाळवीने संपवलं. तरीही गावात मला मान होता, कारण मी नावं फार छान ठेवतो असा माझा समज होता. लोकांच्या मुलांना, दुकानांना, विहिरींना मी नावं सुचवत असे. लोक मान डोलवत आणि घरी जाऊन दुसरं नाव ठेवत.

गावात सगुणाआत्या नावाची सुईण होती. वय सत्तरीच्या पुढचं. हात लोण्यासारखे आणि जीभ विळीसारखी. जंगलापलीकडच्या डोंगरावर पाच वाड्या होत्या. तिथल्या बायकांची बाळंतपणं आत्याच करी. चालत जाई, चालत येई. पण आता तिचे गुडघे बोलायला लागले होते.

एकदा मिठाचे व्यापारी तांडा घेऊन जंगलातून चालले होते. तांडाप्रमुखाच्या सुनेला वाटेतच कळा सुरू झाल्या. पोर आडवं होतं. आत्या धावत गेली आणि तिने आई आणि पोर दोघांनाही वाचवलं. तांडाप्रमुखाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने जाताना आपला एक घोडा आत्याच्या दारात बांधला.

घोडा मळकट पिवळा होता. पोट जरा सुटलेलं, कान जरा मोठे. त्याला कसलीच घाई नव्हती. पण वाघाचा वास आला तरी तो बिथरत नसे आणि निसरड्या कड्यावर त्याचा पाय कधी चुकत नसे. बाळंतिणीकडे जायला याहून चांगला घोडा देवानेही घडवला नसता.

आत्या त्याला "ए बाबा" म्हणे. तो येई. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मुलांनो, सगळं सुरळीत चाललेलं असताना लेखकाला झोप येत नाही.

मी आत्याकडे गेलो.

"आत्या, घोड्याचं नाव काय?"

"नाव? हाक मारली की येतो. आणखी काय पाहिजे?"

"असं कसं? आपल्या गावात लेखक असताना घोडा बिननावाचा राहतो, म्हणजे गावाची अब्रू गेली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. माझा जन्मही तिच्याच हातचा होता. ती म्हणाली, "गुरुनाथ, तू जन्मलास तेव्हा अर्धा दिवस रडत होतास. कारण काहीच नव्हतं. मी तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं, हा पुढे लिहिणार. ठेव बाबा नाव. तुला बरं वाटत असेल तर ठेव."

मी अकरा दिवस विचार केला. जेवताना विचार केला, आंघोळ करताना विचार केला. माझी बायको वेणूताई म्हणाली, "भोपळ्या ठेवा. तसाच दिसतो."

मी तिला समजावलं की नाव हे दिसण्यावरून ठेवायचं नसतं. नावातून एक दर्शन घडलं पाहिजे.

"कुणाचं?" तिने विचारलं.

खरं उत्तर 'माझं' असं होतं. ते मी दिलं नाही.

बाराव्या दिवशी नाव सापडलं. रणधुरंधर! मी ते आरशासमोर उभं राहून सात वेळा म्हणून पाहिलं. सातव्या वेळी आरशातला माणूस मला घोड्यावर बसलेला दिसला.

मग बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या. मी तासभर भाषण केलं. त्यात घोडा हा विषय शेवटच्या दोन मिनिटांत आला. तोवर घोडा उभ्या उभ्या झोपला होता. मी स्वतः एक पाटी रंगवली आणि गोठ्यावर ठोकली. वर 'रणधुरंधर', आणि खाली 'नामकर्ते : गुरुनाथपंत'. दोन्ही ओळींची अक्षरं सारख्याच आकाराची होती. खरं सांगू? खालची थोडी मोठी होती.

इकडे राजाला युद्धाची लहर आली. शेजारच्या राजाशी त्याचं एका वाघावरून बिनसलं होतं. वाघ सहा महिने इकडे राही आणि सहा महिने तिकडे. तो कुणाचा, हा प्रश्न होता. वाघाला कुणी विचारलं नाही, कारण विचारायला जवळ जावं लागलं असतं.

युद्ध म्हणजे घोडे हवेत. गावोगावचे घोडे तपासायला दरबाराला सवड नव्हती, म्हणून दरबाराने सोपा नियम काढला. ज्या घोड्याच्या नावात रण, वीर, वायू किंवा वज्र असेल तो घोडा घोडदळात जमा करावा.

एक दिवस चिंचखेडला कारकून आला. त्याच्या बगलेत वही होती. त्याने घोड्याकडे पाहिलंच नाही. पाटी मात्र दोनदा वाचली.

"रणधुरंधर! असला घोडा सुइणीकडे?"

आत्या घाबरली. ती म्हणाली, "साहेब, नुसतं नाव आहे हो. हा रेडकाला बघूनसुद्धा बाजूला होतो. लढाईत तो शत्रूला वाट देईल. डोंगरावर सहा बायका दिवस मोजतायत. माझ्याच्याने आता चालवत नाही."

कारकून जरा घुटमळला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला विचारलं, "नामकर्ते आपणच ना? हे नाव सहज गमतीने ठेवलंय, की विचारपूर्वक?"

मुलांनो, इथे नीट ऐका. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "गमतीने हो." दोन शब्दांची गंमत. घोडा वाचला असता. आत्या माझ्याकडे बघत होती. वेणूताई दारातून खुणा करत होती.

पण मी तीस वर्षं लिहीत होतो आणि तीस वर्षांत मला कुणीही विचारलं नव्हतं की तुम्ही हे विचारपूर्वक लिहिलंय का. मी टोपी सरळ केली. मी म्हणालो, "अकरा दिवस विचार करून."

कारकुनाने वहीत लिहिलं आणि घोडा नेला.

आत्याची विळीसारखी जीभ त्या दिवशी चालली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि गुडघ्यांना तेल लावत बसली.

चौथ्या दिवशी सकाळी उंबरवाडीहून निरोप आला. हौसाचं पहिलंच बाळंतपण होतं. कळा सुरू झाल्या होत्या आणि लक्षण काही बरं नव्हतं. आत्याने गाठोडं उचललं आणि निघाली. वेणूताईने माझ्या हातातली लेखणी काढून घेतली.

"जा तिच्याबरोबर."

"मी जाऊन काय करू?"

"घोडा घालवलात. निदान गाठोडं तरी उचला."

जंगल ओलांडेपर्यंत ठीक होतं. चढ लागला तशी आत्या पन्नास पावलांवर थांबायला लागली, मग वीस पावलांवर. अर्ध्या घाटात ती एका दगडावर बसली. तिचा गुडघा कलिंगडासारखा सुजला होता.

"गुरुनाथ, मला काही आता जमत नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पोरगी तिकडे वाट बघत असेल."

मी इकडे तिकडे पाहिलं. घोडा नव्हता. बैल नव्हता. घाटात मी एकटाच चार पायांच्या जवळपास जाणारा प्राणी होतो. मी खाली वाकलो.

"बस आत्या."

ती बसली. मी निघालो. मुलांनो, मला तोवर वाटत असे की लेखन हे जगातलं सर्वांत कष्टाचं काम आहे. त्या घाटात माझा गैरसमज पहिल्याच वळणावर दूर झाला. दुसऱ्या वळणावर मला कुठलंच नाव आठवत नव्हतं, स्वतःचंसुद्धा. वरून आत्या सांगत होती, "डावीकडून. दगड आहे. तो बरा होता रे, त्याला सांगावं लागत नव्हतं."

आम्ही दुपारी पोचलो. आत्या माझ्या पाठीवरून उतरली ती सरपटतच आत गेली. हौसाचा नवरा बाहेर उभा होता. तो थरथरत होता, मीही थरथरत होतो. आमची कारणं वेगळी होती. आतून बराच वेळ काहीच आवाज येईना. हा जीव गेला तर तो माझ्या एका शब्दापायी जाणार होता, आणि तो शब्द मी आरशासमोर सात वेळा म्हटला होता.

मग रडण्याचा आवाज आला. खणखणीत.

आत्या दारात येऊन टेकली. "मुलगी आहे. गळ्याभोवती नाळ होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." तिने पुढचं वाक्य पुरं केलं नाही. फार चांगलं वाक्य होतं ते. मला कधी तसं लिहिता आलं नाही.

हौसाचा नवरा आनंदाने वेडा झाला. तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "पंत, तुम्ही लेखक ना? पोरीला नाव सुचवा."

मी तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी राजधानीला गेलो. तिथे घोड्यांच्या नावांचं खातं होतं. तोच कारकून बसला होता.

"नाव बदलता येतं," तो म्हणाला, "पण जुनं नाव चुकीचं होतं असं नामकर्त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं."

मी कागद घेतला. लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी माफीनाम्यात अनुप्रास साधतो आहे. मग मी डोळे मिटले, हौसाच्या घरातली ती शांतता आठवली आणि सरळ लिहिलं : "हे नाव मी माझ्या मिरवण्यासाठी ठेवलं. घोडा रणधुरंधर नाही. मीही फारसा मोठा लेखक नाही."

कारकुनाने वाचलं. "शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "त्याची नोंद आमच्याकडे आधीच आहे."

मग त्याने विचारलं, "नवीन नाव?"

"राहू दे बिननावाचाच."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मला घाम फुटला. मी नाव ठेवायचं नाही, आणि नाव तर हवं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तबेल्यासमोर आमचा घोडा सावलीत उभा होता. दोन शिपाई त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. एक म्हणत होता, "जावईबापू, तेवढं हरभऱ्याचं झालं असेल तर जरा चार पावलं टाकता का? सेनापती बघतायत."

"हे त्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून तेच म्हणतात," कारकून म्हणाला. "खातो, उभा राहतो, आणि कुणाचं ऐकत नाही."

"मग तेच लिहा."

कारकुनाने लिहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या राज्यात जावयाला टाच मारणं तर सोडाच, त्याच्यापुढे आवाजही चढवत नसत. सेनापतीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जावईबापूंना लढाईत पुढे घालू? माझी सासुरवाडी याच गावात आहे, उद्या मला तरी कोण मान देईल!" संध्याकाळच्या आत घोडा घोडदळातून मोकळा झाला.

मी त्याला चालवत घरी आणलं. बसायची हिंमत झाली नाही. आत्याने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"काय नाव आता?"

"जावईबापू."

"तू ठेवलंस?"

"नाही. शिपायांनी."

"मग चांगलं असेल," आत्या म्हणाली.

आणि मुलांनो, ते खरंच चांगलं निघालं. जावईबापू आले म्हटल्यावर वाड्यांमधली माणसं त्याला दारातून तसंच कसं जाऊ देणार? कुणी गूळ पुढे करी, कुणी भाकरी. घोडाही मान घेतल्याशिवाय हलेना. तो प्रत्येक दारात थांबे. तेवढ्यात आत्या आत डोकावे, एखादीची नाडी बघे, एखादीचे सुजलेले पाय बघे. पूर्वी कळा सुरू झाल्यावर बोलावणं येई. आता आजार आधीच कळायला लागला. त्या वर्षी पाच वाड्यांत एकही बाळंतीण दगावली नाही.

युद्ध झालंच नाही. वाघ तिसऱ्याच राज्यात राहायला गेला.

मी गोठ्यावरची पाटी काढली आणि घरी चुलीत घातली. खालची अक्षरं जरा उशिरा जळाली.

नंतर कित्येक महिने माझ्याकडे नाव विचारायला कुणी आलं नाही. मग एक दिवस उंबरवाडीहून हौसाचा नवरा घाट उतरून, जंगल ओलांडून आला. धापा टाकत होता. मी लगबगीने टोपी घातली.

"पंत," तो म्हणाला, "आमच्या गाईला काल कालवड झाली."

"वा! मग?"

"मग काही नाही. नाव आम्ही ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला उगाच यायचा त्रास नको."

तात्पर्य : मुलांनो, मोठी माणसं तुम्हाला शिकवतात की कुणाला नावं ठेवू नयेत. तुम्ही खुशाल ठेवा. फक्त नाव ठेवू नका.